अधिवेशनाचा बाडबिस्तरा



हिवाळी अधिवेशन मुंबईहूनच दूरचित्रसंवादाने उरकावे, म्हणजे खर्च वाचेल, ही आपल्या पत्रलेखकांची सूचना वाचली. शासनाने ठरावीक काळ आपला मुक्काम नागपुरास हलवावा आणि वर्षाकाठी किमान एक अधिवेशन येथे भरवावे, असे २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात जे नमूद आहे, त्यायोगे आमदारांची हुरड्याची सोय होते हे खरेच. परंतु त्याच कराराच्या पुण्याईने, मॉरिस कॉलेज टी पॉइंटवर पोलिसांच्या कठड्याशी अर्जाची घडी मुठीत धरून ताटकळणाऱ्या गडचिरोलीच्या कंत्राटी कर्मचाऱ्यास मंत्रिमहोदय निदान मोटारीच्या काचेतून तरी दिसतात. पडद्यावरील मंत्र्याचा आवाज बंद करण्याची कळ प्रजेच्या हाती येईल, हा लाभ मोहक आहे. तथापि तशीच कळ मंत्र्यांकडेही असणार.

— एक वाचक, धरमपेठ, नागपूर