‘कॉम्प्युटर मिळतंय ना? घेऊन टाक!’

सीईटीचा निकाल लागला की वणीच्या एसटी स्टँडवरचे वाढदिवसांचे फ्लेक्स उतरतात आणि त्यांच्या जागी कॉलेजांचे चढतात. टाय घातलेली पोरं, काचेची इमारत, वर लाखांतलं एक पॅकेज आणि खाली मोबाइल नंबर. त्या नंबरवर फोन केला की एक ‘सर’ बोलतात. हे सर नेमकं कुठे शिकवतात, ते मात्र कुणी विचारत नाही.

मला त्या सरांविरुद्ध लिहायचंय. पण पहिली तक्रार माझ्याविरुद्धच आहे.

मागच्या वर्षी आतेभावाचा फोन आला तेव्हा मी हिंजवडीत एका मीटिंगमध्ये होतो. ‘दादा, नाशिकला ईएनटीसी लागेल असं वाटतंय. पुण्याजवळच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लागेल. काय वर टाकू?’ मी लॅपटॉप म्यूट केला आणि म्हणालो, ‘कॉम्प्युटर मिळतंय ना? घेऊन टाक!’ दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. कॉलेजचं नाव मी ऐकलं आणि विसरलो.

दिवाळीत तो ओट्यावर शेजारी येऊन बसला. वर्गात इतकी पोरं की मागच्या बाकांपर्यंत आवाज पोचत नाही. प्रोग्रामिंगचे सर दोन महिन्यांत दोनदा बदलले. लॅबमध्ये एका मशीनवर तिघं. मग त्याने अगदी शांतपणे विचारलं, ‘दादा, तू ते कॉलेज बघितलं होतंस का?’

नव्हतं बघितलं. आत्याने मात्र माझ्या शब्दावर बँकेचं कर्ज काढलं होतं.

माझे वडील आतच होते. ते एवढंच म्हणाले, ‘सोनाका लावायच्या आधी मी तीन गावचे प्लॉट बघून आलो होतो.’ खरंच गेले होते. खुंट कुठला, पाणी किती लागतं, तिसऱ्या वर्षी माल किती निघाला, व्यापाऱ्याने पैसे वेळेवर दिले का, सगळं विचारून आले होते. नर्सरीवाल्याच्या माहितीपत्रकावर आमच्याकडे कुणी बाग लावत नाही. पोराची चार वर्षं मात्र आपण फ्लेक्सवर लावतो.

आमच्यासारखे आयटीवाले या धंद्यातले बिनपगारी एजंट आहेत. नवरात्रात गावी यायचं, गाडी दारात लावायची आणि विचारेल त्याला ‘कॉम्प्युटर घे’ सांगून निघून जायचं. आम्हाला नोकरी लागली याचा अर्थ आम्हाला कॉलेजांतलं कळतं, असा गावाचा समज असतो आणि आम्ही तो मोडत नाही. माझ्याच टीममध्ये ईएनटीसी आणि इलेक्ट्रिकल झालेले लोक उत्तम कोड लिहितात. हे मला फोनवर आठवलं नाही, कारण आठवायला वेळ द्यावा लागतो.

शिवाय ‘कॉम्प्युटर’ या शब्दामागे आज काय आहे, तेही बघायला हवं. २०२४-२५पासून एआयसीटीईने चांगली कामगिरी असलेल्या संस्थांसाठी एका शाखेतल्या जागांवरची कमाल मर्यादा काढली. जागा कागदावर वाढवता येतात, शिक्षक तसे वाढत नाहीत. एआयसीटीईचाच निकष वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असा आहे. हिशेब करा. शाखेत दरवर्षी १८० जागा असतील, तर दुसऱ्या ते चौथ्या वर्षाची ५४० पोरं होतात. म्हणजे त्या विभागात २७ शिक्षक हवेत. मान्यताप्राप्त कॉलेजला शिक्षकांची यादी वेबसाइटवर टाकावी लागते. ती उघडा, नावं मोजा आणि मग कॉलेजात जाऊन त्यातले किती जण खरंच शिकवतात ते पोरांना विचारा.

पॅकेजच्या आकड्याचंही तसंच. फ्लेक्सवर असतो तो सगळ्यात मोठा आकडा, एकाच पोराचा. तुम्हाला हवा मधला आकडा. सगळ्यांचे पगार लहान-मोठे असे रांगेत लावले, तर बरोबर मध्यावर उभ्या असलेल्या पोराला किती मिळाले? केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणाऱ्या कॉलेजांना हा आकडा भरून द्यावा लागतो. किती पोरं वेळेत पास झाली, किती नोकरीला लागली, हेही. माहिती कॉलेजनेच भरलेली असते, तेव्हा डोळे मिटून विश्वास नको. पण फ्लेक्सवर एक आणि तिथे दुसरंच असेल, तर समजून घ्या. ‘आम्हाला नॅक आहे’ म्हणाले तर विचारा, ‘कॉम्प्युटर विभागाला एनबीए आहे का?’ नॅक अख्ख्या संस्थेला मिळतं, एनबीए एकेका अभ्यासक्रमाला.

आता त्या सरांकडे येऊ. मार्केटात अडत्या अडत घेतो, हे सगळ्यांना माहीत असतं आणि दरही ठरलेला असतो. या सरांची अडत कुठेच दिसत नाही. ते आधी घाबरवतात, ‘कॅप राउंडमध्ये काही लागणार नाही, मॅनेजमेंटची सीट आत्ताच धरा.’ घाबरलेला बाप सीट धरतो. इथे खरा घात होतो. २०२४-२५पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क राज्य सरकार पूर्ण भरतं. पण प्रवेश कॅपमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात तर ही सवलत नाही. म्हणजे सरांच्या एका फोनमुळे फुकट होणारं शिक्षण कर्जावर जातं. तेव्हा सीईटी सेलच्या पोर्टलचा पासवर्ड आणि मूळ कागदपत्रं कुणाच्याही हातात देऊ नका. पसंतीक्रम स्वतः भरा आणि जे खरंच हवंय तेच पहिलं टाका. पहिल्या पसंतीची जागा लागली की ती पक्की होते, पुढच्या फेरीत बदलता येत नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं, ‘कॉलेजने काय होतं? शेवटी सगळं स्वतःवर असतं.’ या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. हे वाक्य कॉलेजची सगळी जबाबदारी उचलून अठरा वर्षांच्या पोराच्या खांद्यावर ठेवतं. फी घेताना कॉलेज सगळं देणार असतं, पोरगं नापास झालं की सगळं स्वतःवर. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडलं नसतं, तर माझ्यासारखे किती इंजिनिअर झाले असते, हा प्रश्न मला मान्य आहे. दार उघडलं हे चांगलंच झालं. पण आत शिक्षक आहेत का, हे विचारणं कृतघ्नपणा नाही. ते गिऱ्हाइकाचं साधं काम आहे.

ज्यांचा प्रवेश झालाय, त्यांना पहिल्या वर्षाबद्दल थोडं. सीनिअर सांगतील, ‘एफई म्हणजे आराम.’ ऐकू नका. एम-वन आणि मेकॅनिक्स तिथेच अडकतात, आणि कॅम्पसला येणाऱ्या बऱ्याच कंपन्या बॅकलॉग शिल्लक असेल तर परीक्षेलाच बसू देत नाहीत. मराठी माध्यमातून आलात तर पहिले दोन महिने इंग्रजी डोक्यावरून जाईल. माझ्याही गेलं. मी गप्प बसलो आणि पहिल्या सेमिस्टरला दोन विषय घालवले. शेजारचा लातूरचा पोरगा तासाला हात वर करून सरळ मराठीत विचारायचा. पोरं हसायची, पण उत्तर सगळेच लिहून घ्यायचे. कॉलेज कच्चं निघालंच, तर चार-पाच जणांचा गट धरा आणि एनपीटीईएलवर आयआयटीच्या शिक्षकांची फुकट व्याख्यानं एकत्र बसून बघा. एकट्याने बघायचं ठरवलं की आठवड्यात सुटतं. आणि वर्गाला शिक्षकच नसेल, तर तक्रार लेखी द्या, सगळ्यांच्या सह्या घेऊन.

आतेभाऊ आता तेच करतोय. एम-वन त्याचा राहिलाय. दर रविवारी रात्री नऊला आम्ही व्हिडिओ कॉलवर गणितं सोडवतो. मलाही ती पुन्हा शिकावी लागतायत, आणि ही शिक्षा मला योग्य वाटते.

यंदा त्याच्या बहिणीचा निकाल लागेल. मी तिला ‘हे घे’ म्हणणार नाही. फॉर्म भरायच्या आधी दोन दिवस सुट्टी टाकीन, कामाच्या वारी, आणि तिला घेऊन तीन कॉलेजं बघून येईन. ऑफिसच्या इमारतीत बसायचं नाही. सरळ दुसऱ्या वर्षाच्या लॅबच्या दारात उभं राहायचं आणि बाहेर येणाऱ्या पोरांना विचारायचं, ‘आज काय शिकवलं?’

वडील म्हणालेत, मीपण येतो. प्लॉट बघायची त्यांना सवय आहे.