खुबा मोडला तर उशीर करू नका

पावसाळ्यात खोपोली-खालापुरात ओट्यावर, अंगणात शेवाळ धरतं आणि म्हातारी माणसं घसरून पडतात. रात्री लघवीला उठताना तर बाराही महिने पडतात. पडल्यावर उभं राहता येत नाही, जांघेत कळ येते, एक पाय आखूड दिसतो आणि पाऊल बाहेर वळलेलं असतं, तर खुबा मोडला असं धरून चाला. पाय ओढू नका, चोळू नका, पाटा बांधायला हाडवैद्याकडे नेऊ नका. १०८ ला फोन करा.

पुढे घरोघरी एकच प्रश्न: ‘‘या वयात आजीला ऑपरेशन झेपेल का?’’ ही भीती खोटी नाही. थकलेल्या हृदयाला भूल आणि रक्तस्राव जड जातो. न्यूमोनिया होतो, पायात रक्ताची गुठळी धरते. कधी आजी भलतंच बोलू लागते, पोटच्या मुलाला ओळखत नाही. हा भ्रम बहुतेकदा काही दिवसांत उतरतो. तिचा चष्मा, कानाचं यंत्र द्या, घरचं माणूस उशाशी बसवा. ऑपरेशन करूनही पाचांतलं निदान एक माणूस वर्षभरात जातं, हेही डॉक्टरांनी स्पष्ट सांगायला हवं.

पण पायाला वजन लावून आठवडेच्या आठवडे अंथरुणात ठेवणं बहुतेकांसाठी याहून वाईट. न्यूमोनिया आणि गुठळ्या तिथेही आहेतच, वर पाठीला जखमा होतात आणि कूस बदलताना दरवेळी जीव जातो. म्हणून वय मोजू नका, पडण्याआधी माणूस कसा होता ते बघा. घरात हिंडत-फिरत असेल तर होकार द्या आणि लगेच द्या. शस्त्रक्रिया २४ ते ४८ तासांत झालेली बरी. मुंबईचा मुलगा पोचेपर्यंत थांबू नका, त्याच्याशी फोनवर बोला. दुसऱ्या दिवशी आजीला आधार देऊन उभं करतील, तेव्हा ‘राहू द्या’ म्हणू नका.

आधीच अंथरुणाला खिळलेल्या, माणसं न ओळखणाऱ्यांची गोष्ट वेगळी. नेदरलँड्समध्ये खुबा मोडलेल्या, वृद्धाश्रमांतल्या अतिशय दुर्बल रुग्णांचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या घरच्यांनी विचारपूर्वक शस्त्रक्रिया टाळली, त्यातले बहुतेक महिन्याभरात गेले; पण त्यांचे दिवस शस्त्रक्रिया झालेल्यांपेक्षा वाईट गेले नाहीत. असा नकार म्हणजे हेळसांड नव्हे. मात्र वेदनाशमनाची सोय आधी पक्की करा.

सत्तरीपुढच्यांना आयुष्मान कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. ते आजच काढून ठेवा. आणि दवाखान्यात निघताना चालू गोळ्यांची पिशवी बरोबर घ्या. रक्त पातळ करणारी गोळी शेवटची कधी घेतली, हे डॉक्टरांना पहिल्यांदा सांगा.