विश्लेषण : जासईत पिकअप घ्यायची, तर नवी की वापरलेली?

उरण तालुक्यातील जासई, चिर्ले आणि पनवेल तालुक्यातील गव्हाण या पट्ट्यात घरातला मुलगा कमावत्या वयाचा झाला, की गाडीचा विषय निघतो. गाडी म्हणजे बहुतेक वेळा पिकअप. शोरूममधली कोरी घ्यावी की कुणाची चार-पाच वर्षे वापरलेली, यावर घरात आठवडेच्या आठवडे काथ्याकूट चालतो. भाव, मायलेज, हप्ता, अगदी रंगसुद्धा ठरतो. रोज सकाळी या गाडीत काय माल भरला जाणार, हा प्रश्न मात्र बहुधा शेवटी येतो. तो आधी विचारला, तर नवी की जुनी याचे उत्तर बरेचसे सुटते.

जासईत हा प्रश्न वेगळा का?

जासई हे लोकनेते दि. बा. पाटील यांचे गाव. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण भागांतील ९५ गावांच्या जमिनींवर संपादनाची टाच आली. योग्य मोबदल्यासाठी १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी झालेल्या आंदोलनात पाच शेतकरी हुतात्मा झाले. प्रकल्पग्रस्तांना मिळणारा साडेबारा टक्के विकसित भूखंड हे त्या लढ्याचे फळ. पुढे २६ मे १९८९ रोजी न्हावा-शेवा येथील बंदर सुरू झाले आणि शेती व मिठागरांचा हा टापू वाहतुकीचा झाला.

म्हणून येथे पिकअपमध्ये जाणारा पैसा अनेकदा साधी बचत नसते, तो गेलेल्या जमिनीचा उरलेला मोबदला असतो. अन्यत्र धंदा बसला तर गाडी ओढून नेली जाते आणि विषय संपतो. येथे गाडीबरोबर दोन पिढ्यांची पुंजी जाते. भूखंड गहाण टाकून गाडी घेण्याचा सल्ला कोणी देत असेल, तर तेथून उठून यावे. पिकअपची किंमत पहिल्या दिवसापासून उतरू लागते आणि या पट्ट्यातील भूखंडाचे तसे नाही.

बंदर शेजारी आहे, मग काम मिळेलच ना?

सर्वात मोठी गल्लत येथेच होते. बंदराचा माल कंटेनरने येतो आणि कंटेनर ट्रेलरवर चढतो. वीस फुटी कंटेनरही पिकअपच्या हौद्यात बसत नाही. जासईच्या नाक्यावर ट्रेलरची रांग पाहून ‘इथे गाडीला काम कमी नाही’ असे वाटते, पण ती रांग पिकअपवाल्याच्या कामाची नाही. उलट तिच्यात त्याचे डिझेल जळते.

पिकअपचे काम बंदराच्या आजूबाजूला सांडलेले असते. कंटेनर गोदामात रिकामा झाल्यावर निघणारा सुटा माल, ट्रेलरचे टायर आणि सुटे भाग, उपाहारगृहांचा किराणा, पाण्याचे जार, करंजाची मासळी, उलव्यातील बांधकामांना लागणारे सामान, लग्नसराईतील मंडप, गणपतीच्या दिवसांतील मूर्ती. यातले काही बारमाही, काही हंगामी, काही निव्वळ ओळखीवर मिळणारे. १२ जानेवारी २०२४ रोजी २१.८ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला आणि शिवडी हाकेच्या अंतरावर आली. मात्र हलक्या मालवाहू गाडीला एका फेरीचा ४०० रुपये टोल आहे. तो भाड्यात वसूल होत नसेल तर सेतूचा उपयोग वेळेपुरता, खिशाला नाही.

काम लेखी असेल, म्हणजे गोदाम किंवा कंपनी महिन्याला ठरावीक फेऱ्यांचा करार करणार असेल, तर नव्या गाडीचा विचार करण्यात अर्थ आहे. अशा करारांत गाडीच्या वयाची अटही अनेकदा असते आणि एक दिवस गाडी बंद पडली तर काम दुसऱ्याकडे जाते. काम नाक्यावर उभे राहून मिळवायचे असेल, तर नव्या गाडीचा हप्ता पहिल्याच पावसाळ्यात जड होतो.

हप्त्याचे गणित कसे मांडायचे?

एक उदाहरण घेऊ. यातील आकडे समजण्यापुरते आहेत, व्याजदर माणसागणिक बदलतो. नव्या पिकअपसाठी ८ लाखांचे कर्ज, साडेदहा टक्के व्याज, पाच वर्षे मुदत. महिन्याचा हप्ता साधारण १७,२०० रुपये आणि एकूण परतफेड सुमारे १० लाख ३२ हजार. वापरलेल्या गाडीसाठी साडेतीन लाखांचे कर्ज, जुन्या गाडीला व्याज चढे असते म्हणून १६ टक्के, मुदत तीन वर्षे. हप्ता साधारण १२,३०० रुपये आणि परतफेड सुमारे ४ लाख ४३ हजार.

कर्ज निम्म्याहून कमी, पण हप्त्यातला फरक पाचच हजारांचा. जुनी घेणारा माणूस ‘स्वस्तात पडली’ म्हणतो तेव्हा हे लक्षात घेत नाही. क्लच किंवा टर्बोचे एक मोठे काम निघाले की त्या वर्षीच्या फरकाचा मोठा भाग गॅरेजमध्ये जातो. पण दुसरी बाजूही आहे, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. जुन्या गाडीचे कर्ज तीन वर्षांत फिटते. काम जमले नाही तर अडकलेली रक्कम आवाक्यातली असते आणि गाडी विकून बाहेर पडता येते. नवी गाडी दुसऱ्या वर्षी विकायला काढली तर कर्जाची बाकी बाजारभावाच्या पुढे गेलेली असू शकते.

हप्त्याखेरीज काही खर्च नव्या-जुन्याला सारखेच असतात. साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीचा थर्ड पार्टी विम्याचा मूळ हप्ताच वर्षाला सुमारे १६ हजार रुपये आहे आणि गाडी जुनी म्हणून तो कमी होत नाही. आधीच्या मालकाचा ‘नो क्लेम बोनस’ही गाडीबरोबर येत नाही, तो त्याच्याकडेच राहतो. टायर, चालकाचा पगार, जेवणखाण हे धरून महिन्याचा आकडा काढावा आणि मग किती फेऱ्यांत तो सुटतो ते मोजावे. वीस दिवसांच्या कामात सुटत नसेल, तर तिसाव्या दिवसापर्यंत काम मिळेल या आशेवर सही करू नये. गाडी जुनी असो वा नवी, लाखभर रुपये बाजूला ठेवूनच ती दारात आणावी.

कर आणि नियम कोणाच्या बाजूने?

२२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे नवी पिकअप स्वस्त झाली आणि साहजिकच जुन्या गाड्यांचे भावही खाली यायला हवेत. विकणारा अजून त्याआधीचा भाव सांगत असेल तर घासाघीस करायला ही जागा आहे. वापरलेल्या गाडीवर नोंदणीकृत व्यापारी जो नफा मिळवतो, त्या फरकावर १८ टक्के जीएसटी आहे. दोन सामान्य व्यक्तींमधील व्यवहारात तो लागत नाही.

राज्याच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात साडेसात हजार किलोपर्यंतच्या हलक्या मालवाहू गाड्यांना ७ टक्के एकरकमी कर सक्तीचा करण्यात आला. त्याआधीच्या गाड्यांपैकी काहींचा कर वर्षावर्षाने भरलेला असतो. म्हणून जुनी घेताना कर कुठवर भरला आहे, हे पावतीवर पाहावे.

परवान्याबाबत एक दिलासा आहे. हलक्या मोटारीच्या परवान्यावर ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी स्पष्ट केले. शिवाय एकूण वजन ३,००० किलोच्या आत असलेल्या मालवाहू गाडीला परमिटची गरज नाही. मोठा हौदा आणि जास्त भारक्षमतेची गाडी मोहात पाडते, पण ती ही मर्यादा ओलांडते का, ते आधी विचारावे.

डिझेलचे काय?

१ एप्रिल २०२० पूर्वीची पिकअप म्हणजे बीएस४ किंवा त्याहून जुनी. तिचे इंजिन गावातल्या मिस्त्रीला पाठ असते, सुटे भाग सहज मिळतात. त्यानंतरची बीएस६. तिच्यात धुरातली काजळी अडवणारी गाळणी असते आणि ती साफ होण्यासाठी गाडी मधूनमधून मोकळ्या रस्त्यावर सलग पळावी लागते. जासई ते दास्तान, दास्तान ते द्रोणागिरी अशा छोट्या फेऱ्या, त्याही ट्रेलरच्या मागे रांगत केल्या, तर गाळणी तुंबते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. तो दिवा लागूनही गाडी पुढे रेटली की खर्च वाढतो. फेऱ्या जवळच्याच असतील तर सीएनजीचा विचार जरूर करावा. हौद्याची थोडी जागा किंवा थोडा भार जातो, पण रांगेत उभे राहणे परवडते.

आणखी एक गोष्ट डोक्यात ठेवायला हवी. मुंबईच्या हवेवरील सुनावणीत उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये विचारणा केल्यानंतर, महानगर प्रदेशात पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करता येतील का हे तपासण्यासाठी राज्याने समिती नेमली. त्यातून काय निघेल ते निघेल, पण पाच-सात वर्षांच्या कर्जावर डिझेल गाडी घेणाऱ्याने हा धोका आपल्या खात्यावर लिहून ठेवावा. बीएस४ घेणाऱ्याने तर दुप्पट.

जुनी गाडी पाहायला गेल्यावर काय तपासायचे?

या पट्ट्यात सर्वात आधी गंज. खाडीची हवा खारी आणि त्यात गाडी मासळीच्या धंद्यातली असेल तर बर्फाचे खारट पाणी वर्षानुवर्षे हौद्यातून चेसिसवर ठिबकलेले असते. वरून नवा रंग मारलेला असतो, म्हणून खाली झोपून पाहावे. चेसिसच्या लांब पट्ट्या, हौद्याच्या तळाचे जोड, पाट्यांचे बूड येथे स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहावे. पत्रा पापुद्र्यासारखा निघाला तर भाव विचारण्याचीही गरज नाही. (मासळीचा वास मात्र कोणत्याही रंगाने जात नाही, तेवढे एक बरे.)

दुसरे पाटे. कंपनीच्या संख्येपेक्षा जादा पाटे टाकलेले दिसले, तर गाडीने आयुष्यभर जादा माल ओढला आहे असे समजावे. अशा गाडीचे क्लच, हब आणि मागचा एक्सल थकलेला असतो. क्षमतेपेक्षा जास्त माल भरणे हा दंडाचाही विषय आहे. केंद्रीय कायद्यात त्यासाठी २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार असा दंड आहे. ‘दोन टन सहज ओढते’ असे अभिमानाने सांगणारा मालक नकळत गाडीची तक्रारच सांगत असतो.

इंजिन थंड असताना जावे. मालकाने आपण येण्याआधीच गाडी सुरू करून ठेवली असेल, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. पहिल्या स्टार्टला निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. चालू इंजिनवर ऑइलचे झाकण काढल्यावर जोराची वाफ भसाभस येत असेल तर इंजिनचे काम जवळ आले आहे. मीटरवरील किलोमीटरवर फार विसंबू नये. पॅडलवरचे रबर आणि स्टिअरिंगची झीज जास्त खरे सांगते. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीचा इतिहासही निघतो. शक्य झाल्यास कर्नाळ्याच्या खिंडीपर्यंत एक चक्कर मारावी. मालक माल भरून देणार नाही, पण चढावर तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाचा आवाज चढतो आणि वेग वाढत नाही, असे झाले तर क्लच घसरतो आहे हे रिकाम्या गाडीतही कळते.

कागदपत्रांत लोक कुठे फसतात?

‘नाव नंतर करू’ या तीन शब्दांत. विक्रेत्याने फॉर्म २९ आणि घेणाऱ्याने फॉर्म ३० भरायचा असतो. राज्यातल्या राज्यात विक्रेत्याला कळवायला १४ दिवस आणि घेणाऱ्याला ३० दिवसांची मुदत आहे. विमा आपल्या नावावर करून घेण्यासाठी १४ दिवसांत अर्ज द्यावा लागतो. कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन गाडी दोन-तीन हातांतून फिरते आणि मूळ नोंद पहिल्याच मालकाच्या नावावर राहते. अशाच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले, की नोंदणी ज्याच्या नावावर, भरपाईची जबाबदारी त्याची, गाडी त्याने कधीच विकलेली असली तरी. म्हणजे विकणाराही सुरक्षित नाही.

कर्जाचा बोजा नोंदणी पुस्तिकेवर असेल तर बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ हाती पडल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. परिवहन विभागाच्या ॲपवर नंबर टाकला की फिटनेस, विमा, कर आणि बोजा दिसतो. ई-चलनांची थकबाकी वेगळी पाहावी. पनवेलच्या एमएच ४६ किंवा वाशीच्या एमएच ४३ मधली गाडी असेल तर चौकशी सोपी जाते. परराज्यातील स्वस्त गाडीला ना-हरकत दाखला, पुन्हा कर आणि हेलपाटे, सगळे मिळून स्वस्ताई उरत नाही. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसवली आहे का, हेही पाहावे. फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावा लागतो. नोव्हेंबर २०२५ च्या बदलानंतर दहा वर्षांपुढील गाड्यांसाठी त्याचे शुल्कही टप्प्याटप्प्याने चढते आहे. म्हणून नऊ वर्षांची गाडी कितीही चकाचक दिसली, तरी तिचा भाव या पुढच्या खर्चाच्या हिशेबाने लावावा.

मग घ्यायची कोणती?

पहिल्यांदाच धंद्यात उतरणाऱ्याने, हातात लेखी काम नसेल तर, तीन ते पाच वर्षांची, एकाच मालकाची, बीएस६ पिकअप घ्यावी आणि कर्ज तीन वर्षांत फिटेल एवढेच काढावे. स्वतः चालवावी. चालक ठेवून मालक म्हणून फिरण्याइतके या गाडीत सुरुवातीला उरत नाही. वर्ष-दीड वर्षात दोन-तीन गिऱ्हाईके बांधली गेली आणि त्यांतले एखादे कराराला तयार झाले, की नवी गाडी घ्यायला शोरूम कुठे पळून जात नाही. ज्याच्याकडे करार आजच आहे, त्याने जुनीच्या नादी लागू नये.

आणि गाडी बाळगण्याआधी महिनाभर कुणाच्या तरी गाडीवर जाऊन पाहावे. पहाटे चारला करंजाच्या जेट्टीवर, दुपारी गोदामाच्या फाटकाबाहेर, संध्याकाळी जासईच्या कोंडीत. त्या महिन्यात किती भाडी मिळाली, ती एका वहीत लिहून ठेवावी आणि बँकेत जाताना ती वही बरोबर न्यावी.