स्वप्नातला संघ हवा, पण समोर नको!

मास्टर्ससाठी अमेरिकेला गेलेली तुमची एखादी ताई, दादा किंवा कॉलेजातला सिनियर असेलच. सप्टेंबरातल्या एखाद्या शनिवारी रात्री त्यांना व्हिडिओ कॉल करून बघा. मागून बँडचा आवाज येईल, अख्खा रस्ता एकाच रंगाच्या टी-शर्टांनी भरलेला दिसेल आणि ‘उद्या बोलू, आज मॅच आहे’ म्हणून फोन ठेवला जाईल. मॅच म्हणजे कॉलेज फुटबॉलची. आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. हेल्मेट घालून, लंबगोल चेंडू छातीशी कवटाळून पळायचा तो. खेळणारी मुलं तुमच्याच वयाची, आणि बघायला मोठ्या विद्यापीठांच्या स्टेडियममध्ये लाख-लाख माणसं.

या चाहत्यांचा एक लाडका उद्योग आहे. आपल्या कॉलेजने बाहेरच्या कुणाकुणाशी भिडावं, याची स्वप्नातली यादी करायची आणि त्यावरून मित्रांशी भांडायचं. आपण नाही का, कट्ट्यावर बसून भारताची टीम निवडत! पण गेल्या मोसमानंतर हा उद्योग नुसता टाइमपास राहिलेला नाही. चाहत्यांना हवा असलेला प्रतिस्पर्धी आणि विद्यापीठाला परवडणारा प्रतिस्पर्धी यांच्यात असं काही अंतर पडलंय की मोठे सामने ठरवताना भलेभले कचरायला लागलेत.

आधी गणित समजून घेऊ. २०२५ साली वरच्या श्रेणीत १३६ संघ होते आणि नियमित मोसमात प्रत्येकाच्या वाट्याला सामने फक्त १२. सगळ्यांनी सगळ्यांशी खेळणं शक्यच नाही. म्हणून ‘कॉन्फरन्स’ नावाचे गट. मोठ्या गटांत बारापैकी आठ-नऊ सामने गटातल्याच संघांशी होतात. ते गट ठरवतो, त्यात कॉलेजचं फारसं चालत नाही. उरलेले तीन-चार सामने मात्र कॉलेजने स्वतः जमवायचे. ‘जमवायचे’ हा शब्द मुद्दाम वापरला, कारण प्रकार लग्न जमवण्यासारखाच आहे. घराणं बघतात, देणंघेणं ठरतं, लेखी करार होतो आणि मोडला तर भरपाई. तारीख तर कधी कधी सात-आठ वर्षांनंतरची असते. सह्या होतात तेव्हा त्या सामन्यात खेळणारी पोरं अजून शाळेत दप्तर घेऊन जात असतात!

मोसम संपला की १२ संघांची प्लेऑफ स्पर्धा होते. २०२४ च्या आधी तिथे चारच संघ जायचे. आताच्या बारातली पाच तिकिटं कॉन्फरन्स जिंकणाऱ्यांना आणि उरलेली सात निवड समितीच्या मर्जीवर. १३ जणांची ही समिती फक्त किती जिंकलात ते बघत नाही. कुणाशी खेळून जिंकलात, तेही बघते. निदान म्हणते तरी तसं.

आता टेक्सासचं काय झालं ते ऐका. ३० ऑगस्ट २०२५. मोसमाआधीच्या क्रमवारीत पहिल्या नंबरवर असलेला टेक्सासचा संघ ओहायो स्टेटच्या घरी, कोलंबसला गेला. ओहायो स्टेट म्हणजे आदल्या मोसमाचे विजेते. यापेक्षा मोठी स्वप्नातली जोड कुठली लागणार? सामना झालाही तसाच, काटाजोड. टेक्सास ७-१४ ने हरला. पुढे वर्षभरात त्यांचा हिशोब झाला नऊ विजय, तीन पराभव. आणि प्लेऑफचं दार बंद! त्यांचे प्रशिक्षक स्टीव्ह सार्किसियन यांचं म्हणणं साधं होतं. ओहायो स्टेटच्या जागी एखादा लिंबूटिंबू संघ घेतला असता, तर आमचे दहा विजय आणि दोनच पराभव झाले असते, आणि आम्ही आत असतो. मोठ्या संघाशी खेळायची शिक्षा देत असाल तर आम्ही खेळावं कशाला?

ऐकायला पटतं. पण मला ही तक्रार अर्धीच खरी वाटते. टेक्सासच्या तीन पराभवांतला एक फ्लोरिडाकडून होता आणि त्या मोसमात फ्लोरिडा बारातले चारच सामने जिंकला. कोलंबसमध्ये सात गुणांनी हरलात म्हणून नव्हे, तर तिथे हरून आल्यावर फ्लोरिडातही हरलात म्हणून बाहेर राहिलात, असं कुणी म्हटलं तर सार्किसियन काय उत्तर देणार? तरीही अर्धी तक्रार उरतेच. चुरशीच्या पराभवाला किती किंमत द्यायची, हे समिती आधी सांगत नाही. पेपर सोडवून झाल्यावर मार्किंग स्कीम ठरणार असेल, तर अवघड प्रश्नाला हात कोण घालेल? तुम्हीच सांगा.

इंडियानाने तो प्रश्न सरळ ऑप्शनला टाकला. हा संघ वर्षानुवर्षं हरण्यासाठीच प्रसिद्ध. २०२३ साली तर बारातले नऊ सामने हरले होते. मग कर्ट सिग्नेटी प्रशिक्षक म्हणून आले. २०२५ साठी त्यांचे बाहेरचे तीन प्रतिस्पर्धी होते ओल्ड डोमिनियन, केनेसॉ स्टेट आणि इंडियाना स्टेट. नावं ऐकली नसतील तर वाईट वाटून घेऊ नका, तिकडेही बऱ्याच जणांनी ऐकलेली नाहीत. त्यातच व्हर्जिनियाशी २०२७ आणि २०२८ मध्ये ठरलेले सामनेही इंडियानाने रद्द केले. पत्रकारांनी विचारलं, तर सिग्नेटींनी बिनधास्त सांगितलं की, दक्षिणेतल्या एसईसी गटाचे संघ जसं वेळापत्रक बनवतात, तसंच आम्ही बनवतोय. टोमणा अचूक बसला, कारण एसईसीवाले तोवर गटात आठच सामने खेळायचे आणि बाहेरच्या चारांत एक-दोन सोपे संघ हमखास घ्यायचे.

पुढचं तुम्हाला माहीत असेल. इंडियाना एकही सामना न हरता १६ विजय मिळवून राष्ट्रीय विजेता झाला! आता प्रत्येक क्रीडा संचालकाच्या टेबलावर हे उदाहरण आहे. सोपे तीन घ्या, गटात जिंका, चषक घरी न्या. पण या वाक्यातला मधला तुकडा लोक पटकन विसरतात. इंडियानाने गटातल्या ओरेगॉनला त्यांच्या मैदानावर हरवलं, ओहायो स्टेटला गटाच्या अंतिम सामन्यात हरवलं. त्यांची अवघड परीक्षा गटातच झाली होती. ज्याचा गट एवढा तगडा नाही, त्याने ही नक्कल केली तर पंचाईत होईल.

उलट बाजू बघायची तर मायामी बघा. ३१ ऑगस्ट २०२५ ला मायामीने नोत्र दामला २७-२४ असं हरवलं. नोत्र दाम फुटबॉलसाठी कुठल्याच गटात नाही, त्यामुळे मायामीसाठी हा बाहेरचाच सामना. नोत्र दाम नंतर टेक्सास ए अँड एमकडूनही हरलं, तेही ४०-४१, एका गुणाने. मग त्यांनी सलग दहा सामने जिंकले. डिसेंबरात दोघांचेही दहा विजय आणि दोन पराभव झाले. मोसमाच्या शेवटच्या आठवड्यांत समितीच्या क्रमवारीत नोत्र दाम पुढे होतं. अखेरच्या शनिवारी दोघंही खेळले नाहीत, आणि रविवारी यादी आली तर मायामी वर! कारण काय, तर ऑगस्टातला तो सामना. त्या तीन गुणांवर मायामी आत गेलं आणि थेट अंतिम फेरीपर्यंत पोचलं. नोत्र दाम घरी बसलं.

म्हणजे बघा, मोठा प्रतिस्पर्धी घेतल्यामुळे टेक्सासचं बिनसलं आणि मोठा प्रतिस्पर्धी घेतल्यामुळेच मायामीचं नशीब उघडलं. ‘अवघड सामना घ्यावा की नाही?’ हा प्रश्नच मग अपुरा आहे. जिंकलात तर सोनं, हरलात तर माती, असा हा सौदा. आणि नोकरी जायची भीती असलेला माणूस असल्या सौद्यात मातीकडेच आधी बघतो.

तुम्ही म्हणाल, मग सोपे संघ तरी खरंच सोपे असतात का? या खेळातली सगळ्यात मजेदार गोष्ट इथेच आहे. छोट्या कॉलेजांना मोठी कॉलेजं चक्क पैसे देऊन बोलावतात. या, आमच्या मैदानात हरा, चेक घ्या आणि जा. त्या पैशातून छोट्या कॉलेजचे इतर खेळ चालतात, त्यामुळे त्यांचीही ना नसते. २००७ साली मिशिगनने ॲपालेशियन स्टेट नावाच्या खालच्या श्रेणीतल्या संघाला चार लाख डॉलर देऊन बोलावलं. मिशिगन देशात पाचव्या नंबरवर, स्टेडियममध्ये लाखावर प्रेक्षक. शेवटच्या क्षणी पाहुण्यांनी मिशिगनची किक अडवली आणि ३४-३२ ने सामना मारला. २०२४ मध्ये नॉर्दर्न इलिनॉयने १४ लाख डॉलर घेतले आणि नोत्र दामला १६-१४ ने हरवून घरी गेले. पैसेही गेले आणि इज्जतही! (तरी त्या वर्षी नोत्र दाम अंतिम सामन्यापर्यंत गेलं. ही समितीची दुसरी गंमत.)

आतापर्यंत आपण गुण आणि पैसे मोजले. पण तुमच्या वयाच्या प्रेक्षकाचं काय? कॉलेजात चार वर्षं मिळतात, म्हणजे सप्टेंबरही चारच. कॅन्सस आणि मिझुरी ही दोन राज्यं एकमेकांना खेटून आहेत. त्यांच्यातलं वैर फुटबॉलपेक्षा जुनं, १८५० च्या दशकात गुलामगिरीच्या प्रश्नावरून सीमेवर झालेल्या रक्तपातापर्यंत मागे जाणारं. त्यांचा फुटबॉल सामना १८९१ पासूनचा. २०११ नंतर मिझुरीने गट बदलला आणि सामना बंद पडला. तो पुन्हा झाला ६ सप्टेंबर २०२५ ला. मधल्या १४ वर्षांत चार-चार वर्षांच्या तीन बॅच आल्या आणि पास होऊन गेल्या. शेजाऱ्याला हरवल्याचा आनंद नाही, हरल्याची चीड नाही, काहीच नाही.

यूएससी आणि नोत्र दाम यांचा सामना १९२६ पासूनचा. तो महायुद्धात आणि कोविडच्या साथीतच थांबला होता. यूएससी २०२४ मध्ये बिग टेन गटात गेलं आणि लॉस एंजेलिसच्या मुलांना गटाच्या सामन्यासाठी पार न्यू जर्सीपर्यंत विमानं पकडायची वेळ आली. त्या धावपळीत मोसमाच्या मध्यावर नोत्र दामशी खेळणं त्यांना नकोसं झालं. तारखांवरून बोलणी फिसकटली आणि २०२६ मध्ये हा सामना नाही. शंभर वर्षांच्या जोडीला युद्धाने थांबवलं होतं, आता वेळापत्रकाने.

आता जरा खुर्चीत बसून बघा. समजा तुम्ही ओक्लाहोमा विद्यापीठाचे क्रीडा संचालक आहात. २०२६ पासून एसईसीनेही गटातले सामने आठावरून नऊ केलेत, त्यामुळे तुमच्या हातात तीनच जागा. त्यातली एक दुसऱ्या मोठ्या गटातल्या संघाला किंवा नोत्र दामला द्यायची, असा नियमच आहे. ती जागा सोपी. ओक्लाहोमाने २०२५ मध्ये मिशिगनला २४-१३ ने हरवलं आणि मोसमाअखेर प्लेऑफमध्ये जागाही मिळवली. असा एक सामना दर वर्षी घ्यावा, एकदा आपल्या घरी, एकदा त्यांच्या घरी. एक जागा तुलसाला द्यावी. आपल्याच राज्यातलं छोटं विद्यापीठ, चेक राज्यातच राहील. शिवाय २०२५ मध्ये त्यांनी ओक्लाहोमा स्टेटला त्यांच्या घरात १९-१२ असं हरवलंय, तेव्हा त्यांना सोपं समजू नये हेही कळेल.

आणि उरलेली? मी ती डोळे मिटून ओक्लाहोमा स्टेटला देईन. हिशोबनीस कपाळावर हात मारतील. २०२५ मध्ये तो संघ बारातला फक्त एक सामना जिंकला. त्यांना हरवून समितीकडून शाबासकी मिळणार नाही आणि चुकून हरलात तर राजीनामा तयार ठेवायचा. वर ‘बेडलम’ म्हणून गाजलेल्या या मालिकेतले बहुतेक सामने ओक्लाहोमानेच जिंकलेत. तुल्यबळ जोड म्हणावी अशीही ही नाही.

पण पहिला सामना कसा झाला माहितेय? १९०४ चा नोव्हेंबर, ओक्लाहोमाला अजून राज्याचा दर्जाही मिळालेला नव्हता. गथ्री गावात कडाक्याची थंडी आणि सोसाट्याचा वारा. मारलेली किक वाऱ्याने उलटी फिरली, चेंडू घरंगळत ओढ्यात गेला आणि दोन्ही संघांच्या पोरांनी त्यामागे बर्फासारख्या पाण्यात उड्या टाकल्या! पाण्यातून चेंडू आणून ओक्लाहोमाने गुण मिळवले. सामना ७५-० असा एकतर्फी झाला, तरी तिकडे आजही तो ओढाच आठवतात. २०२३ च्या शेवटच्या सामन्यात मात्र ओक्लाहोमा स्टेटने २७-२४ ने बाजी मारली आणि ओक्लाहोमाने गट बदलला. दोन्ही कॉलेजांत गाडीने दीड-दोन तासांचं अंतर. त्यानंतर एकदाही सामना नाही. म्हणजे हरलेल्यांना परतफेड करता आलेली नाही आणि जिंकलेल्यांना पुन्हा चिडवता आलेलं नाही. २०२४ मध्ये दोन्हीकडे दाखल झालेली मुलं आता निम्मं कॉलेज संपवून बसलीत.

येत्या सप्टेंबरात ओहायो स्टेट परतीच्या सामन्यासाठी ऑस्टिनला येणार आहे. तक्रार करूनही टेक्सासने तो करार पाळलाय, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. ओक्लाहोमाही मिशिगनच्या घरी जाईल. त्या शनिवारी तुमच्या सिनियरला फोन लागला नाही, तर समजून घ्या.