नानांची मुंबई, पुढच्या दारानं

मंडळी, या कॉलमला सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न कुठला, सांगू? ‘मुंबईला एक दिवस चाललोय, काय काय करू?’ उत्तरही आता पाठ झालंय. गेटवे, मरीन ड्राइव्ह, कॉफी, सेल्फी, परत! पण गेल्या महिन्यात हा प्रश्न चक्क घरातूनच आला. तोही अशा माणसाकडून, ज्यानं मुंबईत एकतीस वर्षं काढली आहेत. आमचे नाना, म्हणजे माझे चुलते.

आमचं गाव आंबेगाव तालुक्यात, घोडेगावच्या पुढं. तुम्ही जुन्नर-आंबेगाव-खेडकडचे असाल तर पुढचं सांगायला नकोच. आपल्याकडं प्रत्येक भावकीतला एक तरी माणूस मुंबईला, आणि मुंबईला म्हणजे बऱ्याचदा डब्यावर. नाना पार्ल्यातून डबे गोळा करायचे आणि चर्चगेटला उतरून नरिमन पॉइंटच्या ऑफिसांमध्ये वाटायचे. मार्च २०२० मध्ये लोकल थांबल्या, डबे थांबले. नाना आठ दिवसांसाठी म्हणून गावी आले, ते आलेच. परवा फोनवर म्हणाले, ‘तायडे, एक डाव मुंबई दाखीव की.’

‘नाना, मी तुम्हाला दाखवू?’

‘मंग? मी बघितली कुठं? मी नुसता पळालो.’

एक शुक्रवार सुट्टी टाकली. (वीकेंडला का नाही, ते कळेलच.) नाना आदल्या संध्याकाळी मंचरहून एसटीनं पुण्याला आले. पांढरा सदरा, कडक इस्त्रीची टोपी, गळ्यात तुळशीची माळ, पिशवीत भाकरी आणि ठेचा.

सकाळी सव्वासात : डेक्कन क्वीन
१९३० पासून धावणारी आपली लाडकी राणी. हिच्या डायनिंग कारमधलं कटलेट खाल्लं नाही तर ट्रिप सुरूच होत नाही, हे माझं मत. ‘घरची भाकर असताना?’ हे नानांचं. शेवटी दोन्ही खाल्लं. घाटातले बोगदे संपेपर्यंत नाना खिडकीला चिकटून होते. साडेदहाच्या सुमारास सीएसएमटी.

स्टेशनातून लगेच टॅक्सीकडं पळू नका. रस्ता ओलांडून महापालिकेच्या बाजूला उभं राहा आणि वळून बघा. ही इमारत २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, आणि बहुतेक जण ती फक्त प्लॅटफॉर्मवरूनच बघतात. मग डी. एन. रोडच्या कमानींखालून सावलीसावलीनं चालत हुतात्मा चौक. तिथं मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार आहेत ना? नानांनी दोघांकडं नीट बघितलं आणि विचारलं, ‘ह्यातला मी कुठला?’ आठ महिने डबा आणि चार महिने भातशेती करणारा माणूस! मला उत्तर देता आलं नाही.

साडेअकरा : चर्चगेट
शुक्रवार यासाठीच. रविवारी डबे नसतात. कामाच्या दिवशी साडेअकरा-बाराच्या सुमारास स्टेशनबाहेर उभं राहा. लोकलच्या लगेज डब्यातून लांब लाकडी खोकी डोक्यावर उतरतात आणि फुटपाथवर डबे लावले जातात. झाकणावर रंगवलेल्या खुणांवरून कुठला डबा कुठल्या इमारतीत, कितव्या मजल्यावर हे ठरतं, आणि काही मिनिटांत सगळं पांगतं. २००३ मध्ये तेव्हाचे प्रिन्स चार्ल्स हे बघायला इथंच आले होते. फोटो काढा, पण वाटेत उभं राहू नका. त्यांच्याकडं खरंच वेळ नसतो.

करोनानंतर माणसं कमी झाली आहेत, हे नानांना बघताक्षणी कळलं. तरी एक ओळखीचा चेहरा सापडलाच, घोडेगावकडचाच. दोघं एक मिनिट बोलले असतील. ‘जत्रंला येतो ना?’ ‘येतो की.’ मग नानांनी हळूच विचारलं, ‘माझी सायकल?’ तो हसला. ‘नाना, आता कुठली सायकल?’ आणि खोकं उचलून निघून गेला.

ती सायकल नाना मार्चमध्ये कुलूप लावून इथंच ठेवून गेले होते. किल्ली अजून घरी खुंटीला आहे. मला हे माहीतच नव्हतं.

सव्वाबारा : म्युझियम
ओव्हल मैदानाच्या कडेनं, राजाबाई टॉवर बघत, काळा घोड्याला या. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय १९२२ मध्ये खुलं झालं. आर्किटेक्ट जॉर्ज विटेट, गेटवेवालाच. दोन तास तरी ठेवा. अ‍ॅसिरियाहून आलेली दगडी शिल्पं आणि मिनिएचर चित्रं चुकवू नका. आणि जुन्नरकरांसाठी एक खास गोष्ट : सोपाऱ्याला सापडलेल्या अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा या म्युझियमच्या संग्रहात आहे.

त्याचा आपल्याशी काय संबंध? अहो, सोपारा आणि कल्याण ही तेव्हाची बंदरं. घाटावरचा माल जुन्नरला यायचा आणि नाणेघाट उतरून या बंदरांकडं जायचा. सातवाहनांच्या नागनिका राणीचा लेख त्याच घाटातल्या लेण्यात कोरलेला आहे, आणि जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण घाटमाथ्यावर आजही आहे. म्हणजे आपली समुद्राकडं जायची वाट दोन हजार वर्षं जुनी! मी हे सगळं रंगवून सांगितलं. नानांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘आन् माल कुणाच्या डोक्यावर?’

एव्हाना एक वाजत आला होता. नानांची चुळबुळ सुरू झाली. दर दोन मिनिटांनी घड्याळ. मला वाटलं भूक लागली. तसं नव्हतं. एकच्या आत डबे पोचले पाहिजेत, हे अंगातच बसलंय. ‘आज कुणाचा डबा नाही, नाना,’ म्हटलं तेव्हा स्वतःशीच हसले आणि बाकावर टेकले. फोर्टमधल्या एका साध्या उडप्याकडं थाळी घेतली. मुंबईत भर दुपारी, पंख्याखाली, गरम जेवण. नाना म्हणाले, हे पहिल्यांदाच. एरवी डबे पोचल्यावर फुटपाथवर कोंडाळं करून जेवायचं.

तीन : गेटवे आणि ताज
फोटो काढून झाला की एक गोष्ट लक्षात घ्या. ताज आधीचं, १९०३ चं. गेटवे नंतरचं, १९२४ चं. घारापुरीची लाँच इथूनच सुटते, पण लेण्यांना सोमवारी सुट्टी असते आणि त्यात अर्धा दिवस जातो. एका दिवसाच्या ट्रिपमध्ये मी ते बसवत नाही.

त्याऐवजी ताजमध्ये चहा प्या. हो, महाग आहे. वर्षातून एकदा चालतं. पहिल्या मजल्यावरच्या सी लाउंजमधून समोर बंदर दिसतं. मी दरवाजाकडं निघाले आणि मागं बघते तर नाना इमारतीच्या कडेकडेनं चाललेले.

‘नाना, तिकडं कुठं?’

‘मागचं दार हिकडं असंल ना?’

मंडळी, मला काय बोलावं कळेना. मग चहा पिताना त्यांनीच सांगितलं. नरिमन पॉइंटच्या एका टॉवरमध्ये एकोणीस मजले, रोज. डब्यासाठी सामानाची लिफ्ट. ती बंद असली तर जिना. पुढच्या लिफ्टला आरसा आहे, एवढं ऐकून माहीत. हे सांगताना आवाजात तक्रार अजिबात नव्हती, म्हणून मला जास्त लागलं. माझं कॉलेज, हॉस्टेल, आजची नोकरी, सगळं त्या सामानाच्या लिफ्टनं वर आलंय.

ताजच्या दरवाज्यातून आम्ही आत गेलो तेव्हा सिक्युरिटीनं सगळ्यांची तपासतात तशीच पिशवी तपासली, ठेच्याचा डबा बघितला आणि नमस्कार केला. नानांनी टोपी सारखी केली आणि नमस्कार परत केला. बस, एवढंच. पण बाहेर पडताना ते पुढच्या दारानं माझ्या पुढं चालत होते.

साडेपाच : मरीन ड्राइव्ह
नरिमन पॉइंटच्या टोकापासून सुरुवात करा, म्हणजे सगळा अर्धगोल समोर येतो. समुद्राकडं तोंड करून बसण्याआधी एकदा मागच्या इमारतींकडं बघा. गोलाकार बाल्कन्या, जहाजासारखे कठडे. हा आर्ट डेको, ओव्हलच्या इमारतींसोबत २०१८ पासून जागतिक वारसा. मग कट्टा, भाजलेलं कणीस आणि सूर्यास्त.

नाना कट्ट्यावर मांडी घालून बसले. एकतीस वर्षं या कट्ट्यासमोरून गेले, बसले आज. सूर्य बुडेपर्यंत काही बोलले नाहीत. नंतर इतकंच म्हणाले, ‘चांगली हाय की.’

परतीसाठी चर्चगेटहून दादर. तुम्ही नवी भुयारी मेट्रो घ्या, एसी आहे, गर्दी कमी. आम्ही लोकल घेतली, कारण नानांना लगेजचा डबा बघायचा होता. दादरहून पुण्याची एसी बस. बसवर ठळक अक्षरांत लिहिलेलं ‘शिवनेरी’ वाचून नाना खूश. ‘ही तर आपलीच!’

लक्षात ठेवा
- डेक्कन क्वीनचं रिझर्व्हेशन आधी करा. परतीची गाडी संध्याकाळी पाचच्या सुमारास सुटते. तिनं आलात तर सूर्यास्त हुकतो.
- चालणं भरपूर आहे, शूज साधे घाला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट.
- जत्रांच्या दिवसांत, चैत्रात, डबेवाले गावी येतात. तेव्हा चर्चगेट रिकामं दिसेल.
- आणि तुमच्याही घरात मुंबईला राबून आलेलं कुणी असेल, तर पुढच्या ट्रिपला मित्रांच्या आधी त्यांना विचारा. गाइड फुकट मिळतो.

सायकलची किल्ली नानांनी अजून खुंटीवरून काढलेली नाही. पुढच्या वेळी घारापुरीला जायचं ठरलंय, सोमवार सोडून.