चिठ्ठी बदलल्याने माप बदलत नाही

गोडाऊनसाठी जागा घेणारा व्यापारी असो, प्लॉटचा दलाल असो, बांधकामाचा ठेका घेणारा मिस्त्री असो की पत्र्याचे शेड उभारणारा कारागीर; आज प्रत्येकापुढे कॉम्प्युटरवरचा नकाशा येतो. उपग्रहाच्या छायाचित्रावर लाल रेघ ओढून ‘ही तुमची हद्द’ असे सांगितले जाते. त्या रेघेवर विसंबून आपण बयाणा देतो. ती कोणत्या मापपद्धतीत ओढली आहे, हे मात्र कोणी विचारत नाही. हा प्रश्न विचारायला आपण शिकलेच पाहिजे.

प्लॉट मोजणारा सर्व्हेअर टोटल स्टेशन लावतो, तेव्हा बहुधा सोयीसाठी पहिल्या खुंटीला १०००, १००० असे आकडे देऊन पुढे मोजत जातो. हे झाले स्थानिक निर्देशांक. प्लॉटची लांबी-रुंदी त्यात बरोबर येते. पण प्लॉट पृथ्वीवर कोठे आहे, हे त्या आकड्यांना ठाऊक नसते. उत्तर दिशाही अंदाजाने धरलेली असू शकते. अशा ड्रॉइंगला सॉफ्टवेअरमध्ये यूटीएम ४३ हे नाव दिले, तर मालेगावचा प्लॉट मालदीवच्या पश्चिमेला समुद्रात जाऊन पडतो. मग ऑपरेटर तो ओढून आणतो आणि डोळ्यांना बरा दिसेल तेथे बसवतो. शेजाऱ्याशी तंटा येथूनच सुरू होतो.

कापडाच्या व्यापाऱ्याला हे लगेच कळेल. नऊ गजांच्या ताग्यावर ‘नऊ मीटर’ अशी चिठ्ठी लावली, तर कापड वाढत नाही. गिऱ्हाईक मात्र फसते. गजाचे मीटर करायचे तर हिशेब करावा लागतो. सॉफ्टवेअरमध्येही ही दोन वेगळी कामे आहेत. एकात नकाशाला पद्धतीचे फक्त नाव दिले जाते, आकडे तेच राहतात. दुसऱ्यात, म्हणजे रीप्रोजेक्शनमध्ये, प्रत्येक बिंदूचा हिशेब होऊन आकडे बदलतात. पहिल्याला दुसरे समजणे ही या कामातली नेहमीची चूक आहे.

ही चूक किती महागात पडते ते पाहा. सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने नकाशे एव्हरेस्ट १८३० या आकारमानावर बांधलेले आहेत, तर जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ वर चालते. हिशेब न करता एकावर दुसरा ठेवला, तर मुंबईच्या बाजूला जागा शंभर मीटरच्या आसपास सरकते. इंटरनेटवरचे नकाशे ज्या वेब मर्केटर पद्धतीत असतात, त्यातच सरळ क्षेत्रफळ काढले, तर मुंबईच्या अक्षांशावर १० गुंठ्यांचे सव्वा अकरा गुंठे दिसतात. सव्वा गुंठा म्हणजे सुमारे १,३६० चौरस फूट. जमिनीवर नसलेल्या या जागेचे पैसे कोणी द्यायचे?

उपाय अवघड नाही. स्थानिक ड्रॉइंग केवळ रीप्रोजेक्ट करून जागेवर येत नाही. त्याला जमिनीवरचे ओळखीचे बिंदू लागतात. प्लॉटचे चार कोपरे चांगल्या जीपीएस यंत्राने मोजून घ्यावेत. मोबाईलचे जीपीएस काही मीटर चुकते. दोन बिंदूंवर नकाशा बसतो, उरलेल्या दोनांवर चूक पकडली जाते. मोजमाप यूटीएममध्ये करावे: मुंबई, पुणे, नाशिकसाठी पट्टा ४३, ७८ अंश रेखांशाच्या पूर्वेकडील नागपूर-चंद्रपूरसाठी ४४. नकाशा देणाऱ्याकडून पद्धतीचे नाव, पट्टा आणि एकक कागदावर लिहून घ्यावे. हद्दीचा वाद असेल, तर भूमी अभिलेख खात्याची मोजणी करून घ्यावी. पडद्यावरची रेघ तिची जागा घेऊ शकत नाही.

आपल्या मोहल्ल्यांत ऑटोकॅड शिकलेली मुले पुष्कळ आहेत. त्यांनी क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअरही शिकून घ्यावे. नकाशा रंगवून देणारे बाजारात खूप मिळतात. तो जागेवर नेमका बसवून देणारे थोडे. ज्याच्या हाती हे काम येईल, त्याला रोजगार मिळेल आणि त्याच्या गिऱ्हाइकाचा पैसाही वाचेल.