आधी तोल, मग वेग

रेडिओ-नियंत्रित छोटे विमान हौसेने विकत आणणारा नवशिक्या पुष्कळदा पहिल्याच दिवशी निराश होतो. फोमचे ते हलके विमान हातातून सुटते, नाक वर करते, क्षणभर थबकते आणि जमिनीवर आदळते. मग कोणी वाऱ्याला दोष देतो, कोणी मोटारीला, तर कोणी स्वतःच्या हातांना. ‘हे आपल्याला जमायचे नाही’ असे म्हणून विमान माळ्यावर जाते, किंवा अधिक शक्तीची मोटार आणली जाते. हे दोन्ही निर्णय घाईचे आहेत. ज्याचा तोल साधलेला नाही, अशा विमानाला वाढीव शक्ती मिळाली तर ते अधिक जोराने आदळते, इतकेच.

तोल पाहण्यासाठी दोन बोटे पुरतात. उड्डाणाच्या तयारीतले, बॅटरी बसवलेले विमान पंखांखाली बोटांची टोके ठेवून उचलावे. साध्या सरळ पंखाच्या विमानात गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून त्याच्या रुंदीच्या साधारण पाव ते एकतृतीयांश अंतरावर असावा. निर्मात्याने खूण दिली असल्यास तीच प्रमाण मानावी. शेपूट जड असेल तर बॅटरी पुढे सरकवावी, नाक जड असेल तर मागे. या दोन दोषांत शेपटीचा जडपणा अधिक घातक, कारण असे विमान हाताळणाऱ्याला सावरण्याची संधीच देत नाही.

त्यानंतरही मोटार लगेच चालू करू नये. उंच गवताच्या मैदानात, वाऱ्याला सामोरे उभे राहून, विमान समपातळीत हलकेच पुढे सोडावे. ते सरळ, सावकाश उतरत गेले तर तोल जमला. या बिनमोटारीच्या उड्डाणाला पुष्कळ जण पोरखेळ समजतात. पण ज्याला हाताशी शिक्षक नाही, त्याला याहून चांगला शिक्षक मिळणे कठीण.

विमानविद्येचा इतिहासही याच बाजूने साक्ष देतो. राइट बंधूंनी १९०० ते १९०२ या काळात अमेरिकेतील किटी हॉक येथे इंजिनाविना तरंगणाऱ्या विमानांवर प्रयोग केले. तोल आणि दिशा हाती आल्यावरच त्यांनी सुमारे १२ अश्वशक्तीचे इंजिन बसवले आणि १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचे विमान प्रथम १२ सेकंद उडाले. त्याच वर्षी सॅम्युएल लँगली यांचे सुमारे ५० अश्वशक्तीचे विमान दोनदा पोटोमॅक नदीत कोसळले. त्या अपयशाची कारणे अनेक होती; शक्तीची उणीव हे मात्र त्यांत नव्हते.

हवेत गेल्यावर खरी परीक्षा दिशेची असते. विमान समोरून येऊ लागले की डावे-उजवे उलटे भासते. अशा वेळी जो पंख खाली झुकलेला दिसेल, त्याच बाजूला नियंत्रकाची दांडी लोटावी. उंची राखावी, कारण उंची म्हणजे चूक सुधारण्यासाठी मिळालेला वेळ. वेग मंदावला असताना नाक वर ओढण्याचा मोह आवरावा. पंखांची उचल संपते ती नेमकी तेव्हाच. पहाटेची शांत हवा सर्वांत सोयीची. जागा मात्र माणसांपासून आणि विजेच्या तारांपासून दूर असावी, आणि विमानतळाजवळच्या किंवा अन्य निषिद्ध क्षेत्रात उड्डाण करू नये.

एवढे करूनही विमान कधीतरी पडणारच. फोम चिकटवता येतो, ही या विमानांची मोठी सोय आहे. फक्त डिंक आणि चिकटपट्टी यांनाही वजन असते, ते बहुधा नाकाशी किंवा शेपटीशी साचते. म्हणून प्रत्येक दुरुस्तीनंतर विमान पुन्हा दोन बोटांवर तोलून पाहावे लागते.